बुधवारी, उपाशीपोटी

पहिली गोळी पांढरी होती.
तिनं झोप दिली,
झोपेत तेच माग, त्याच भिंतीवरची तीच ओल.
दुसरीनं तोंड कोरडं केलं.
तिसरीनं आठ किलो वजन चढवलं, तेव्हा पार्वतक्का
शेजारी सांगून आली, अंग धरलंय, गुण येतोय आता.
चौथीचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
रिकामी पाकिटं ती टाकत नाही,
जरीच्या खोक्यात रचून ठेवते, बिलं जपावीत तशी.
उद्या कुणी हिशेब मागितला तर?

डॉक्टर कानडीत विचारतात, ब्यासर आगतैतेनु?
मी म्हणतो, हौद्री. बेजार येतं.
पुण्याची भाची हसते, मामा, माणूस बेजार होतो,
बेजार येत नाही.
येतं, बाई. वडगावात येतं.
चप्पल न काढता आत येतं
आणि माझ्या ताटावर माझ्याआधी बसतं.
तीन वर्षं झाली. जा म्हणायला
दोन भाषा आहेत घरात, दोन्हीत सांगून झालं.

नर्सबाई कागदावरचं वाचून दाखवतात,
पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत आता मन रमतं का?
कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा.
मला आठवली ती पोपटी साडी,
पदरावर चुकून उलटी उतरलेली वेल,
आणि व्यापाऱ्यानं नेमकी तीच मागितली, वीस नग.
त्या रात्री आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
नर्सबाईंनी वाट पाहिली, मग त्यांनीच खूण केली.

यल्लम्माचा डोंगर दोनदा चढून आलो.
मेहुणा म्हणतो, माणसानं कामात असावं.
मी कामातच आहे, मोनाप्पा.
दहा तास, दोन माग. धागा तुटला की
डोळे मिटूनसुद्धा गाठ मारतो.
हात आजारी नाहीत ना,
म्हणून तर कुणाला पटत नाही.
गल्लीत विचारतात, आता बरं वाटूलंय काय?
मी म्हणतो, वाटूलंय. त्यांना बरं वाटतं.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाले, गोळ्यांनी गुण येत नाही काहींना,
यात तुमची चूक नाही.
एवढं वाक्य ऐकायला मी
चार गोळ्या चालून आलो होतो.
मग म्हणाले, भूल देऊन, थोडा करंट.
पार्वतक्का उभीच राहिली.
तिचा धाकटा भाऊ मोटारीच्या स्टार्टरला चिकटून गेला,
तिला करंट तेवढाच माहीत.

मला दुसरा माहीत आहे.
दुपारी लाईट जाते तेव्हा
चाळीस माग एका दमात गप्प होतात,
आणि कान नव्यानं लावल्यासारखं
कुणाचं तरी पोर पाढे म्हणताना ऐकू येतं,
अकरा साती सत्त्याहत्तर.
मग कोपऱ्यावरून ओरड, करंट आला!
धोटा निघतो. का थांबलो होतो,
हे माग विचारत नाही.
पण मी माग नव्हे. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत.
म्हणाले, सहा-सात वेळा, मग बघू.
थोडा विसर पडेल, बहुतेक परत येईल.
मला ते 'बघू' आवडलं.
चारही गोळ्यांच्या वेळी सगळे 'नक्की' म्हणाले होते.

संमतीचा कागद कानडीत. सही मी मराठीत केली.
कुणी काही बोललं नाही.

आज मंगळवार. रात्री दहानंतर पाणीसुद्धा नको.
पार्वतक्कानं चहाचं पातेलं फळीवर उपडं घातलंय,
सवयीनं हात जाऊ नये म्हणून.
झोप नाही तिला. मलाही नाही, पण मला ते नवीन नाही.

लुमाण्णा उद्या माझे माग चालवेल.
त्याच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे,
'उजवीकडच्या मागावर काठाजवळचा सातवा धागा
सैल आहे. ओढू नको. तुटला तर
राहू दे तसाच, मी येऊन बघतो.'